कोणती ट्यूब लावली?

एप्रिल महिना. सकाळचे साडेदहा वाजलेत आणि जुन्या जालन्यातल्या गल्लीत सावली भिंतीलगत हातभर उरली आहे. खाली मेडिकल, वर दवाखाना. अरुंद जिन्यात चपलांचा ढीग. वर कंपाउंडर लांबट वहीत नावं लिहितोय. ‘अंबडचे कोण? बसा. परतूरवाले, तुमचा नंबर अजून लांब आहे.’

बाकं भरली आहेत. पंखा गरम हवाच फिरवतोय. एक म्हातारा दाराच्या चौकटीला पाठ घासतो, लोक बघताहेत असं वाटलं की थांबतो. इतर दवाखान्यांत माणसं शेजाऱ्याला आजार विचारतात. इथे तसं कुणी विचारत नाही. उपरण्याआड अर्धा चेहरा लपवून बसलेल्यालाही नाही.

भिंतीवर पदवीची चौकट. एमबीबीएसचा साडेचार वर्षांचा अभ्यास, १ वर्ष इंटर्नशिप, त्यावर एमडीची ३ वर्षं. खाली विषय लिहिलेत: त्वचा, गुप्तरोग, कुष्ठरोग. चौकटीखाली बसलेला एक तरुण मान वर करून ते वाचतो आणि उठून समोरच्या बाकावर जातो.

आत मॅडमचा पहिला प्रश्न खाजेचा नसतोच. ‘कोणती ट्यूब लावली?’

समोरचा माणूस रोलिंग मिलमधला. तो कॅरीबॅग टेबलावर उलटी करतो. पिळून चपट्या झालेल्या ट्यूबा घरंगळतात. ‘ही मेडिकलवाल्यानं दिली. ही मेव्हण्याची. हिनं दोन दिवसांत खाज गेली होती बघा.’ मॅडम नेमकी तीच उचलतात. एकाच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि कडक स्टेरॉइड. स्टेरॉइडनं खाज दबते, बुरशी पसरत राहते. २०१८ साली स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम झाला. नियम कागदावर आहे, ट्यूब टेबलावर.

गजकर्णाची कडा एरवी लाल, उठावदार असते. याच्या कमरेवर ती पुसट झालीय. मॅडम बोथट पात्यानं चट्ट्याची कड खरवडतात, कोंडा काचेवर घेतात, वर पोटॅशचा थेंब टाकतात. थोडा वेळ थांबायचं. मग सूक्ष्मदर्शकात फांद्या फुटलेले बारीक धागे दिसतात. ही बुरशी. ‘कपडे सैल घाला. टॉवेल वेगळा ठेवा. अंग कोरडं पाहिजे.’

‘भट्टीसमोर कोरडं कसं राहील, मॅडम?’

याला चिठ्ठीत उत्तर नाही. मॅडम गोळ्या लिहितात, घरात आणखी कुणाला खाज आहे का ते विचारतात. बायकोला आहे. तिलाही आणायला सांगतात.

पुढे भोकरदनकडचे शेतकरी. चेहरा काळवंडलेला, कातडी जाड. ते उन्हाला दोष देतात. मॅडम पापण्या बघतात, हनुवटी वर करून खालची बाजू बघतात, कान दुमडून मागे बघतात. उन्हाचा त्रास या आडोशाच्या जागा बहुधा सोडतो. इथे तर त्याच जास्त सुजल्यात. ‘काका, बांधावर गाजर गवत आहे का?’ काका हसतात. कुठल्या बांधावर नाही? १९५०च्या दशकात पुण्यात नजरेस आलेलं हे गवत आता सगळीकडे आहे. वाळलं की त्याचा भुगा वाऱ्यानं उडतो, अंगावर बसतो. उपटायचं असेल तर दुसऱ्या कुणी उपटावं, तुम्ही नको, असं मॅडम बजावतात. ‘दुसरं कोण आहे शेतात?’ काका विचारतात.

मग एक गवंडी. दंडावर फिकट चट्टा. खाजत नाही, दुखत नाही, म्हणून वर्षभर कुणाला दाखवला नाही. न खाजणाऱ्या चट्ट्यापाशीच मॅडम सावध होतात. डोळे मिटायला सांगून कापसाची वात टेकवतात. त्याला कळत नाही. कोपरामागची नस चाचपतात, अंग उघडं करून बाकीचे चट्टे मोजतात. पाचपर्यंत असतील तर साधारण ६ महिने गोळ्या, जास्त असतील तर वर्षभर. सरकारी दवाखान्यात फुकट. मॅडमचा आवाज आता दाराबाहेर जात नाही. ‘बरा होणारा आजार आहे. घरात ताट वेगळं करायचं नाही.’

दुपारचा एक. एक मुलगी आणि तिची आई. गालांवर लाली, बारीक लव, कातडीतून दिसणाऱ्या रेषा. गोरं होण्यासाठी लावलेली ट्यूब तिच्या पर्समध्येच आहे.

‘आज बंद करायची. आधी लाली वाढेल, पुरळ येईल. बसायला काही महिने लागतील.’

‘पुढच्या महिन्यात लग्न आहे,’ आई म्हणते. ‘नंतर बंद केली तर?’

मॅडम नको म्हणतात, ट्यूब उचलून ड्रॉवरमध्ये टाकतात आणि लिहायला लागतात.

जिना उतरताना आई मुलीला समजावते, ‘राहू दे. खाली मिळतीय की तीच.’