फेरेटला काय चालतं, काय नाही?

अमेरिकेतल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांत फेरेटचा पिंजरा बहुधा हॅमस्टर आणि गिनीपिगच्या शेजारी असतो. निम्मे गैरसमज तिथेच जन्माला येतात. पिंजऱ्यात राहतो, अंगाने लांबट, मिश्या हलवत फिरतो, म्हणजे उंदराच्या जातीचा असणार, आणि मग गाजर, सफरचंद, दाणे खाणारच! प्रत्यक्षात फेरेट हा युरोपातल्या पोलकॅट या शिकारी प्राण्याचा माणसाळवलेला वंशज. बिळातले ससे हुसकून काढण्यासाठी माणूस त्याला सुमारे २००० वर्षांपासून पाळत आला आहे. दिसायला तो मुंगसासारखा, पण मुंगसाशी त्याचं नातं लांबचं. आपल्याकडचा त्याचा जवळचा नातलग म्हणजे नदीतलं पाणमांजर. पाणमांजराला कोणी गाजर देत नाही.

हा प्राणी पक्का मांसाहारी आहे. मांजराइतकाच, किंबहुना काकणभर जास्तच. त्याचं आतडं अगदी आखूड असतं. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर आपल्याला जी पिशवी आणि झडप असते, ती त्याला नसतेच. धान्य-भाज्यांतला चोथा आंबवून पचवायला पोटात जागा नाही आणि वेळही नाही, कारण खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं. म्हणून खाणंच असं हवं की तेवढ्या वेळात अंगी लागेल. ३० ते ४० टक्के प्रथिनं, तीही प्राण्यांपासूनची. १५ ते २० टक्के स्निग्धांश. चोथा ३ टक्क्यांच्या आत. पुढचे बहुतेक गैरसमज या एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात.

‘कुत्र्याचं खाणं चालतं, प्राणी तर आहे.’ चालत नाही. त्यात धान्य बरंच असतं आणि मांसातून मिळणारं टॉरीन हे पोषकद्रव्य पुरेसं असेलच असं नाही. वनस्पतींची प्रथिनं जास्त पोटात गेली की फेरेटच्या लघवीचं आम्लपण कमी होतं आणि मूत्राशयात खडे धरतात. मांजराच्या पिल्लांसाठीचं चांगल्या प्रतीचं खाणं मात्र चालू शकतं. पाकिटाच्या पाठीवरच्या यादीत पहिली नावं मांसाची आहेत ना, एवढं बघावं. दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत ‘ग्रेन-फ्री’ लिहिलेलं असलं म्हणून हुरळून जाऊ नये. गहू-मका काढून त्या जागी वाटाणे आणि बटाटा घातला, तरी ते पाकीट ‘ग्रेन-फ्री’च असतं.

परदेशातल्या काही मराठी घरांत आणखी एक प्रश्न येतो. घर शाकाहारी, मुलांचा हट्ट फेरेटचा. मग दहीभात, पनीर, वरणाचं पाणी यांवर भागवता येईल का? नाही. दुधातली साखर त्याला नीट पचत नाही, जुलाब होतात. भात आणि डाळ त्याच्या कामाची नाही. घरात मांस शिजवायला नको असेल तर तयार दाणेदार खाणं आहे, पण तेही मांसाचंच. तेवढंही खटकत असेल तर ससा पाळावा. त्याला गाजराची पानं घालता येतील आणि कोणाचीच कुचंबणा होणार नाही.

‘थोडं गोड दिलं तर काय बिघडतं?’ मनुका, केळं, मधाचं बोट, फेरेट हे सगळं आवडीने खातो, म्हणून मालकाला वाटतं की त्याला ते हवंच आहे. मनुका-द्राक्षं तर मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, ती देऊच नयेत. शिवाय तीन-चार वर्षांपुढच्या फेरेटमध्ये स्वादुपिंडात इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींची गाठ होणं हा नेहमीचा आजार आहे. पिठूळ-गोड खाण्याने ती गाठ होते हे सिद्ध झालेलं नाही, संशय मात्र जुना आहे. गाठ असताना गोड दिलं, की इन्शुलिन उसळतं आणि रक्तातली साखर आणखी खाली येते. फेरेट एकटक बघत बसतो, लाळ गाळतो, पंजाने तोंड खाजवतो, मागचे पाय लटके पडतात. अशा वेळी, आणि फक्त अशाच वेळी, हिरड्यांना किंचित मध चोळून थेट डॉक्टरांकडे न्यावं. झटके येत असतील तर तोंडात बोट घालू नये.

‘भांडं सतत भरलेलं ठेवलं तर लठ्ठ होईल.’ हा कुत्र्यांचा अनुभव. निरोगी फेरेट दिवसात आठ-दहा वेळा थोडं थोडं खातो आणि सहसा बेतानेच खातो. त्याला दोनदाच जेवायला घालणं म्हणजे मधले सगळे तास उपाशी ठेवणं. शस्त्रक्रियेआधीही त्याला रात्रभर उपाशी ठेवत नाहीत. तीन-चार तास पुरतात.

‘उलटी झाली नाही, म्हणजे पोटात काही अडकलेलं नाही.’ हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. तरुण फेरेटला रबराचं विलक्षण वेड असतं. चपलेचा तळ, रिमोटची बटणं, इअरफोनची टोपणं, सोफ्यातला फोम, सगळं कुरतडून गिळतो. वय झालेल्यांच्या पोटात चाटलेल्या केसांचा गोळा होतो, आणि मांजरासारखा तो ओकून टाकणं त्यांना सहसा जमत नाही. अडकल्यावर उलटी होईलच असं नाही. जेवण सुटतं, प्राणी निपचित पडतो, दात करकर वाजवतो. दात वाजवणं म्हणजे पोटात दुखणं, हे लक्षात ठेवावं.

दात वाजवणं आणि डांबरासारखी काळी शी अल्सरमध्येही दिसते. इथे एक गंमत आहे. माणसाच्या अल्सरमागचा जंतू ऑस्ट्रेलियात मार्शल आणि वॉरन यांनी शोधला. २००५ साली त्यांना नोबेल मिळालं. त्याचा भाऊबंद फेरेटच्या पोटात सापडला, आणि १९८९ साली हेलिकोबॅक्टर ही नवी प्रजाती मांडली गेली तेव्हा दोघे एकत्रच तिच्यात गेले. दूध सुटल्यावर जवळजवळ प्रत्येक फेरेटच्या पोटात हा जंतू असतो. म्हणून तपासणीत तो सापडला म्हणजे दुखण्याचं कारण कळलं, असं होत नाही.

शेवटचं हिरव्या शीबद्दल. ती दिसली की लोक लगेच ‘ग्रीन स्लाइम’ या साथीच्या आजाराचा धसका घेतात. अन्न घाईने पुढे सरकलं किंवा फेरेट जेवलाच नाही, तरी पित्ताच्या रंगाने शी हिरवी होते. एखाद्या वेळी झाली तर दिवसभर लक्ष ठेवावं. तो खरा साथीचा आजार १९९३ साली अमेरिकेच्या पूर्व भागात प्रथम दिसला आणि तो एका कोरोनाविषाणूमुळे होतो. त्यात हिरवी, बुळबुळीत शी धो-धो होते आणि पुढे कित्येक दिवस शीमध्ये भरडलेल्या बाजरीसारखे कण दिसतात. आतडं अन्न शोषत नसल्याची ती खूण. घरात बहुधा तो नव्या पिल्लासोबत येतो. पिल्लू स्वतः ठणठणीत असतं आणि दोन-तीन दिवसांत घरातला म्हातारा फेरेट आडवा होतो. म्हणून नवं पिल्लू आणलं की काही आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत ठेवावं, आणि त्याला हाताळल्यावर हात धुऊन, कपडे बदलूनच जुन्याला उचलावं.