स्वर्गाचे नागरिक, यवतमाळचे रहिवासी

‘ख्रिस्ती माणूस स्वर्गाचा नागरिक’ हे ऐकले की अनेकांना वाटते, त्याला इथल्या जगाशी देणेघेणे नाही. अर्थ तसा नाही. स्वर्गीय नागरिकत्व (अंतिम निष्ठा देवाच्या राज्याशी असणे) हे इथे कसे जगायचे त्याबद्दल आहे. उदाहरणार्थ, यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणीत रुजू होणाऱ्या सरकारी डॉक्टरच्या नेमणुकीचा आदेश मुंबईहून निघतो. रुग्ण मात्र झरीतच तपासायचे असतात.

ही कल्पना बायबलमध्ये, प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला (तिथल्या ख्रिस्ती समुदायाला) लिहिलेल्या पत्रात येते. फिलिप्पै ही मासेदोनियातली रोमी वसाहत (निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलेले नगर). राहणे तिथे, नागरिकत्व रोमचे, त्यामुळे वाचकांना मुद्दा चटकन कळला असणार. गंमत अशी, की याच नगरात फटके आणि तुरुंग सोसल्यावर पौलाने स्वतःचे रोमी नागरिकत्व ठासून सांगितले आणि अधिकाऱ्यांना त्याची मनधरणी करावी लागली. स्वर्गाचा नागरिक म्हणून त्याने इथला हक्क सोडला नाही.

हेच यवतमाळमध्येही दिसते. इथे १९५३ ते १९८३ युनियन बिब्लिकल सेमिनरी (ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था) होती. पुढे ती पुण्याला गेली. याच जिल्ह्यात फ्री मेथडिस्ट मिशनने उमरीसारख्या खेड्यात रुग्णालय उभारले. स्वर्गाच्या राज्याबद्दल शिकवणे आणि इथल्या रुग्णांची सेवा करणे, यांत कसलीही विसंगती नाही.