सिग्नल एक, रिसीव्हर वेगळे

इस्ट्रोजेन म्हटलं की आपल्या हॉस्टेलवर एक तर हसू पिकतं, नाहीतर "ते मेडिकलवाल्यांचं, आपल्याला काय त्याचं?" असं उत्तर येतं. मला मात्र हा विषय चक्क कम्युनिकेशनचा वाटतो. कसा ते सांगतो.

इस्ट्रोजेन म्हणजे रक्तातून फिरणारा सिग्नल. त्यातलं सर्वांत प्रभावी ते इस्ट्राडायोल. स्त्रियांमध्ये ते मुख्यतः अंडाशयात तयार होतं. पुरुषांतही ते असतंच; ॲरोमॅटेज नावाचं एन्झाइम टेस्टोस्टेरॉनपासून ते बनवतं. रेडिओ स्टेशनसारखा हा सिग्नल सगळीकडे पोचतो, पण ज्या पेशीत रिसीव्हर आहे तिलाच तो ऐकू येतो. हा रिसीव्हर, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, एल्वुड जेन्सन यांनी शिकागोत १९५० च्या दशकाच्या अखेरीस शोधला. त्याचा दुसरा प्रकार, बीटा, १९९६ मध्ये स्वीडनमध्ये सापडला.

इस्ट्राडायोल पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतं आणि रिसेप्टरला चिकटतं. त्यामुळे रिसेप्टरचा आकार बदलतो, दोघांची जोडी जमते आणि ती डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसते. मग काही जीन्स चालू होतात, काही बंद.

रिसीव्हरच बिघडला तर? १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका २८ वर्षांच्या पुरुषाची केस प्रसिद्ध झाली. रक्तात इस्ट्रोजेन भरपूर, पण रिसेप्टर निकामी. उंची २०४ सेंटीमीटर, तरी वाढ चालूच, आणि हाडं मात्र ठिसूळ! उंची थांबवायला आणि हाडं टिकवायला पुरुषालाही इस्ट्रोजेन लागतं, हे त्यातून कळलं.

आता खरी गंमत. माझी मावशी स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर टॅमॉक्सिफेनची गोळी घेते. "आता बरी आहे, हार्मोनची गोळी कशाला?" असं म्हणून ती गोळी बंद करायला निघाली होती. पण ही गोळी म्हणजे हार्मोन नव्हे. ती रिसेप्टरवर जागा अडवून बसते आणि स्तनातल्या पेशींना इस्ट्रोजेनचा सिग्नल मिळू देत नाही. पाळी थांबलेल्या बाईच्या हाडांत मात्र तीच गोळी इस्ट्रोजेनसारखी वागते, आणि गर्भाशयाच्या अस्तरातही. म्हणून गोळी चालू असताना रक्तस्राव झाला तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. गोळी तीच, मग परिणाम उलटे का? कारण रिसेप्टरच्या मदतीला असलेली प्रथिनं प्रत्येक अवयवात वेगळी असतात.

थोडक्यात काय, "इस्ट्रोजेन चांगलं की वाईट?" हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या पेशीत, कुठल्या वयात, हे आधी विचारा. पाळी गेल्यावर सिग्नल मंदावतो आणि हाडं झपाट्याने झिजू लागतात. तेव्हा घरी फोन कराल तेव्हा पैशांच्या आधी आईच्या कंबरदुखीची चौकशी करा, आणि कुठलीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू किंवा बंद करू नकोस, एवढं तिला सांगा. मावशीला मी हेच रेडिओचं उदाहरण देऊन सांगितलं. तिची गोळी चालू आहे.