आवाज फुटण्याआधी

जर्मनीतल्या लाइपझिग शहरात सेंट थॉमस चर्चचा मुलग्यांचा गायनवृंद १२१२पासून गातो आहे. १७२३ ते १७५० या काळात त्याची धुरा खुद्द थोर संगीतकार बाखकडे होती. इथल्या बारा-तेरा वर्षांच्या पोरांनी वरचा स्वर लावला की देवाधर्माशी देणेघेणे नसलेल्यांच्याही अंगावर काटा येतो. ‘दैवी आवाज’ म्हटले की विषय संपतो खरा, पण कारण बरेचसे गळ्यातच सापडते.

या वयात मुलाचे स्वरतंतू जेमतेम सेंटिमीटरभर लांब आणि पातळ असतात. प्रौढ पुरुषाचे दीड सेंटिमीटरच्या पुढे जातात. तंतू आखूड, तितकी कंपने जास्त. त्यामुळे मुलगा ८०० हर्ट्झच्याही वर सहज पोचतो. तिथे स्त्रियाही पोचतात, पण पाश्चात्त्य पद्धतीने तयार झालेल्या गायिकेचा स्वर बहुधा आंदोलित असतो. मुलांचा सरळ लागतो. दगडी चर्चमध्ये घुमूनही त्यांची सुरावट म्हणूनच स्वच्छ राहते. व्हिएन्नाच्या प्रसिद्ध बालवृंदाची साध्या चालीची लोकगीते गोड लागतात, त्यातही या सरळपणाचा वाटा आहे.

हा गळा टिकतो मात्र थोडाच काळ. पौगंडावस्थेत टेस्टोस्टेरॉनमुळे स्वरयंत्र वाढते आणि आवाज जवळजवळ सप्तकभर खाली उतरतो. बाखच्या काळच्या नोंदींनुसार तेव्हा मुलांचा आवाज सोळा-सतराव्या वर्षी फुटत असे. आता तेरा-चौदाव्या वर्षी फुटतो. सुधारलेले पोषण हे त्याचे मुख्य कारण मानतात. म्हणजे बाखला आजच्यापेक्षा दोन-तीन वर्षे जास्त मुरलेले गळे मिळत होते! त्याच्या अवघड रचना आज कोवळ्या पोरांना पेलाव्या लागतात, हे ऐकताना ध्यानात ठेवावे.

सेंट थॉमसच्याच वृंदावरचा एक प्रयोग २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. समोर मुली बसल्या की वृंदातल्या मोठ्या, खर्जात गाणाऱ्या मुलांच्या आवाजात २५०० ते ३५०० हर्ट्झच्या पट्ट्यातली ऊर्जा वाढत होती. आपला कान याच पट्ट्याच्या आसपास सर्वाधिक तिखट असतो. आणि गाणे कुठले, तर बाखचे!

मग मुलींनी गायले तर? इंग्लंडमधल्या सॉल्झबरी कॅथेड्रलने १९९१मध्ये मुलींचा वृंद उभा केला. पुढे इंग्लंडमध्येच अशा वृंदांची ध्वनिमुद्रणे लोकांना ऐकवली, तेव्हा मुलगे कोणते नि मुली कोणत्या हे त्यांना खात्रीने ओळखता आले नाही. मुलग्यांवाचून हा गोडवा येतच नाही, या दाव्याला ध्वनिशास्त्राचा आधार फारसा नाही.