एक पडदा, हजार प्रेक्षक

मुंबईचे वस्तुसंग्रहालय पाहून तुम्ही कुलाब्याकडे निघालात, की चौकातच रीगल चित्रपटगृहाची इमारत दिसते. ते १९३३ साली उघडले. पहिला खेळ होता लॉरेल आणि हार्डी या जोडीच्या 'द डेव्हिल्स ब्रदर' या चित्रपटाचा. इमारतीचा आराखडा चार्ल्स स्टीव्हन्स यांचा. बोरीबंदरच्या स्थानकाची भव्य वास्तू ज्यांनी उभी केली, त्या फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचे हे चिरंजीव. वडिलांनी दगडात कमानी आणि घुमट कोरून घेतले. मुलाने सिमेंट-काँक्रीटच्या सरळ, साध्या रेषा पसंत केल्या. आतील सजावट कार्ल शारा या चेक चित्रकाराची होती. फिकट नारिंगी आणि हिरव्या रंगांतील सूर्यकिरणांची नक्षी त्याने योजली होती.

विज्ञानाच्या मासिकात सिनेमागृहाची गोष्ट कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण जरा विचार करा. हजाराहून अधिक माणसे एका बंद, काळोख्या खोलीत बसवायची, प्रत्येकाला एकच चित्र दिसले पाहिजे आणि एकच शब्द ऐकू आला पाहिजे. हा भौतिकीचा प्रश्न आहे, आणि तो सोपा नाही.

रीगलपासून थोड्याच अंतरावर, काळा घोडा भागातील वॉटसन हॉटेलात, ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे भारतात पहिल्यांदा दाखवली गेली. त्यासाठी हॉटेलातली खोली पुरली, कारण चित्रे मुकी होती. मुक्या चित्रपटाला तंबू चालतो, नाटकगृहही चालते. पण १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' बोलू लागला आणि चित्रपटगृहांपुढे नवाच प्रश्न उभा राहिला. आता भिंतींचाही विचार करणे भाग होते.

का, ते पाहू. हिशेबापुरते ३० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि १२ मीटर उंच असे सभागृह घ्या. त्याचे घनफळ ७,२०० घनमीटर झाले. अमेरिकेतील वॉलेस सॅबिन या भौतिकीच्या प्राध्यापकाने १८९५ पासून रात्री-रात्री जागून, खुर्च्यांवरच्या गाद्या एका दालनातून दुसऱ्या दालनात नेऊन प्रयोग केले आणि एक सुटसुटीत सूत्र शोधले. घनफळाला ०.१६ ने गुणा आणि सभागृहातील एकूण ध्वनिशोषणाने भागा, की आवाज किती सेकंद घुमत राहील ते मिळते. नुसत्या गिलाव्याच्या भिंती आणि लाकडी बाके असतील, तर शोषण जेमतेम १५० चौरस मीटर धरता येईल. म्हणजे आवाज साडेसात सेकंदांहून अधिक काळ घुमणार! नायकाचे वाक्य संपून नायिकेचे उत्तर सुरू झाले, तरी पहिले वाक्य हवेत तरंगतच राहील. आता त्यात हजार माणसे बसवा. माणूस आपल्या कपड्यांसह सुमारे ०.४५ चौरस मीटर इतके शोषण करतो. शोषण ६०० झाले आणि घुमणे दोन सेकंदांच्या आत आले. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने प्रेक्षक म्हणजे एक उत्तम गादी आहे, असे म्हणायला हरकत नाही. उरलेले काम भिंतींवरचे मऊ आवरण आणि जाड गाद्यांच्या खुर्च्या करतात.

बाहेरची मोटारगाडी किंवा पाऊस ऐकू येऊ नये, म्हणून दारे-खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. (माझ्या लहानपणी आमच्या गावच्या टॉकीजला पत्र्याचे छप्पर होते. श्रावणातले संवाद आम्ही ओठांवरून ओळखत असू.) पण दारे बंद केली की दुसरे संकट येते. स्वस्थ बसलेला माणूसही सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. हजार माणसांची झाली एक लाख वॅट. म्हणजे हजार-हजार वॅटच्या शंभर इस्त्र्या एकदम चालू ठेवल्यासारखे! शिवाय श्वासातली आणि घामातली वाफ वेगळी. मुंबईच्या दमट हवेत पंखे हलवून भागणारे नव्हते. म्हणून रीगलला आरंभापासूनच वातानुकूलन यंत्रणा बसवली गेली, आणि त्या काळी ते मोठे अप्रूप होते. मोटारी ठेवण्यासाठी तळघरही होते.

आता वर, प्रक्षेपकाच्या खोलीत चला. तिथला ऑपरेटर कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ज्योत पेटवी. कांडीच्या टोकाचे तापमान साडेतीन हजार अंश सेल्सियसच्या पुढे जाई. कांड्या जळून आखूड होत, म्हणून त्यांच्यातले अंतर सतत सांभाळावे लागे. त्या प्रखर प्रकाशापुढून फीत सेकंदाला २४ चित्रे या वेगाने सरके. पण सरळ सरके असे मात्र नाही. क्रूसाच्या आकाराचे एक चक्र तिला १९ मिलिमीटर ओढी आणि क्षणभर थांबवी. पुन्हा ओढी, पुन्हा थांबवी. ओढण्याच्या क्षणी झडप प्रकाश अडवीत असे, म्हणून आपल्याला ते धक्के दिसत नसत. तीन तासांच्या चित्रपटाला जवळजवळ पाच किलोमीटर फीत लागे! त्यातच १९५०च्या सुमारापर्यंत ही फीत नायट्रोसेल्युलोजची असे. ती एकदा पेटली, की बाहेरच्या हवेवाचूनही जळत राहते. म्हणून ही खोली पक्क्या, न जळणाऱ्या भिंतींची बांधीत आणि तिच्या झरोक्यांना आग लागताच खाली पडणाऱ्या लोखंडी झडपा बसवीत. खाली प्रेक्षक हसत असत आणि वर एक माणूस ज्वालेशेजारी उभा असे.

एक गंमतही सांगतो. पडद्यापासून १४ मीटरवर बसलेल्या प्रेक्षकाला आवाज सुमारे एक चोविसांश सेकंद उशिरा ऐकू येतो, म्हणजे बरोबर एका चित्राइतका. बाल्कनीतल्या मागच्या ओळीत हा फरक दोन चित्रांपर्यंत जातो. इतका थोडा फरक आपल्या मेंदूला जाणवत नाही. सभागृह दुप्पट लांब केले असते, तर मात्र ओठ आणि शब्द यांची फारकत झाली असती. सभागृहाच्या लांबीला अशी एक मर्यादा ध्वनीचा वेगच घालतो.

पुढे कार्बनच्या कांड्या गेल्या, झेनॉनचे दिवे आले; एकविसाव्या शतकात फीतही गेली आणि चित्रपट संगणकाच्या फाइलीतून येऊ लागला. यातले काहीही या इमारतींना मारक नव्हते. त्यांना जड जाते ती रिकामी खुर्ची. हजारांच्या हिशेबाने बांधलेल्या सभागृहात पन्नासच माणसे आली, तर अंगची उष्णता कमी झाली तरी भिंती-छपरातून येणारी उष्णता तेवढीच राहते, तेवढ्याच मोठ्या पडद्याला तेवढाच प्रकाश लागतो, आणि मऊ खुर्च्या नसतील तर आवाजही घुमू लागतो. दीडशे-दोनशे आसनांच्या छोट्या सभागृहांना हा भार पडत नाही. 'आलम आरा'चे मॅजेस्टिक केव्हाच पाडले गेले. रीगलची वास्तू मात्र २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींचा जो समूह त्या यादीत गेला, त्यात तीही आहे. त्यामुळे भिंतींना संरक्षण मिळाले. खुर्च्या भरण्याची सोय कोणत्याही यादीत नसते.

तुमच्या शाळेच्या सभागृहात एक प्रयोग करून पाहा. सभागृह रिकामे असताना मधोमध उभे राहून एकदाच जोराने टाळी वाजवा आणि आवाज पूर्ण विरेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजा. मग स्नेहसंमेलनाच्या दिवशी, सगळी मुले बसलेली असताना, तशीच टाळी वाजवा. तेवढ्यापुरते सर्वांना गप्प बसवणे हाच या प्रयोगातला अवघड भाग आहे!