बुटक्यांच्या राज्यात सभा हवी होती

मुलांनी राजांच्या गोष्टी जरूर वाचाव्यात. पण वाचताना एक प्रश्न विचारावा : राजा चुकला, तर त्याला थांबवणार कोण?

इंग्रज लेखक टॉल्किन यांच्या १९३७ सालच्या ‘द हॉबिट’ या कादंबरीतले बुटके हे डोंगर खोदणारे कष्टाळू कारागीर. ड्रॅगनने बळकावलेला डोंगर परत मिळवायला तेराजण निघतात. चौदावा सोबती बिल्बो. त्याच्याशी लेखी करार होतो : नफ्याचा चौदावा हिस्सा. व्यवहार चोख! पण सत्तेचा करार कुठेच नाही. थोरिन जन्माने राजा. तो म्हणेल ती पूर्व दिशा.

ड्रॅगनला मारतो बार्ड. त्याला आणि बेघर झालेल्या गावकऱ्यांना थोरिन वाटा नाकारतो. फिली, किली आणि बॉम्बर यांना ते बहुधा पटत नाही. पण राजापुढे बोलण्याची कुणाची छाती नाही. हे भांडण चालू असतानाच शत्रू चालून येतो. लढाईत थोरिन, फिली, किली मरतात. मग गादीवर नातलग डाइन येतो. तो वाटा देतो, हे नशीब!

शेजारच्या तळ्यातल्या गावाचा प्रमुख तर निवडलेला होता. तोही मदतीचे सोने घेऊन पळाला. म्हणजे नुसती निवडणूकही पुरत नाही.

बुटक्यांना लोकशाही उभारायची असेल, तर मतदानाबरोबर लेखी नियम हवेत, खजिन्याचा हिशेब उघडा हवा आणि बॉम्बरला उठून ‘नाही’ म्हणता येईल अशी सभा हवी. आपल्या मंडळात, पतपेढीतही हे तिन्ही आहे का, ते जरूर पाहावे.