विश्लेषण : गेममधील दलदल खरोखर इतकी धोकादायक होती का?

पाण्यात उतरताच ॲलिगेटर झडप घालतो आणि सुटकेसाठी क्षणात योग्य बटण दाबावे लागते. ‘असॅसिन्स क्रीड ३ : लिबरेशन’ या गेममधील लुईझियानाची दलदल ही अशी जागा. मात्र खऱ्या इतिहासात हीच दलदल अनेकांचा जीव वाचवणारी ठरली.

गेमची कथा काय?
युबिसॉफ्टने २०१२ मध्ये प्लेस्टेशन व्हिटासाठी हा गेम आणला. कथा १७६५ ते १७७७ या काळातील न्यू ऑर्लिन्समध्ये घडते. फ्रान्सने १७६२ च्या गुप्त करारान्वये हा प्रदेश स्पेनला दिला होता. नायिका ॲव्हलीन ही फ्रेंच व्यापारी आणि आफ्रिकी वंशाच्या स्त्रीची मुलगी. तिचा गुरू अगाते हा पळून आलेला गुलाम. त्याचा मुक्काम दलदलीत.

‘बायू’ म्हणजे काय?
मिसिसिपी नदीच्या मुखाजवळील संथ, उथळ प्रवाहांना बायू म्हणतात. हा शब्द मूळचा तेथील चॉक्टॉ आदिवासींचा. पाण्यात उभे असलेले सायप्रस वृक्ष, डास, विषारी साप आणि ॲलिगेटर ही तिथली ओळख.

गुलाम तिथे का पळत?
मळ्याचे मालक आणि त्यांचे घोडेस्वार सहज पोहोचू शकत नसत म्हणून. पकडले जाण्याची भीती ॲलिगेटरपेक्षा मोठी होती. लुईझियानातील १७२४ च्या कायद्यानुसार महिनाभर फरार राहिलेल्या गुलामाचे कान कापून खांद्यावर डाग दिला जाई. तिसऱ्यांदा पळाल्यास मृत्युदंड होता. तरीही फरारींनी दलदलीत वस्त्या वसवल्या. काही जण सायप्रसचे लाकूड तोडून गिरण्यांना विकत. त्यांचा म्होरक्या सेंट मालो याला १९ जून १७८४ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये फाशी देण्यात आली.

आज स्थिती काय?
आता दलदलच संकटात आहे. नदीला घातलेल्या बांधांमुळे नवा गाळ पसरत नाही. तेल कंपन्यांसाठी खोदलेल्या कालव्यांतून खारे पाणी आत शिरते. जमीन खचते आणि समुद्र वाढतो. १९३२ ते २०१६ या काळात लुईझियानाच्या किनारपट्टीवरील सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली. हे क्षेत्र मुंबईच्या जवळपास आठपट आहे. दलदल वादळाच्या लाटांचा जोर कमी करते. त्यामुळे ती जितकी आक्रसेल, तितका न्यू ऑर्लिन्सला असलेला धोका वाढेल.